गुरुपादप्पा सर आणि पडद्यावरची हाक

गुरुपादप्पा सरांना माउस या वस्तूचा मनापासून तिटकारा. "टायपिस्टाचा हात एकदा कीबोर्डवर बसला की चहाला उठंपर्यंत हलायला न्हाई पाहिजे," हे त्यांचं ब्रीद. लातुरात औसा रोडच्या मागच्या गल्लीत, स्वतःच्याच घराच्या वरच्या मजल्यावर, त्यांनी पस्तीस वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूट चालवली. कोर्टातले, झेडपीतले, बँकांतले कितीतरी कारकून त्यांच्या हाताखालून गेले. हे लोक रस्त्यात भेटून सरांना नमस्कार करतात तेव्हा आजही त्यांची बोटं पूर्ण सरळ होत नाहीत, जरा वाकलेलीच राहतात. ती ठेवण सरांनी मनगटावर पट्टी मारून बसवलेली.

टाइपरायटर गेले तेव्हा सर कपाळाला हात लावून बसले नाहीत. तोवर लातुरात घराघरावर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. क्लास म्हटला की दर रविवारी टेस्ट, टेस्ट म्हटली की पेपर, आणि पेपर म्हटला की कुठल्यातरी प्राध्यापकाचं मुंग्या चालत गेल्यासारखं अक्षर. ते वाचून टाइप करणारा माणूस लागतोच. सरांनी अर्ध्या हॉलमध्ये आपले संगणक मांडले आणि उरलेल्या अर्ध्यात प्लायवूडचे कप्पे करून अभ्यासिका काढली. अहमदपूर, बिलोली, कुठकुठली पोरं सकाळी येऊन त्या कप्प्यांत मान खाली घालत ती संध्याकाळीच वर काढत. तिथं बोलणं बंद, मोबाईल बंद. नेम सगळ्यांना सारखा म्हणून सर स्वतःचाही मोबाईल बंद करून टेबलाच्या खणात टाकत.

सगळं बरं चाललं होतं, पण खाली घरात सरांच्या पत्नी सिद्धम्मा होत्या, आणि सिद्धम्मांना हाकेला ओ लागायची.

ही नुसती सवय नव्हती. त्र्याण्णव साली, गणपती बोळवून लोक नुकते आडवे झाले होते त्या पहाटे किल्लारीकडं जमीन हलली, तेव्हा सर नांदेडला होते. मुलगी लता विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकत होती, तिच्या कामाला गेलेले. इकडं सिद्धम्मा अंधारात जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून वर हाका मारत होत्या. पेपरांचं काम असलं की सर वरच झोपत, आणि त्या घाईत ते गावाला गेलेत हेच त्या विसरून गेल्या होत्या. घराला काही झालं नाही, एका भिंतीला चीर पडली तेवढीच. फोन बंद, एसटीचं काही खरं नाही. सर कसेबसे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचले. सिद्धम्मा शेजारणींबरोबर रस्त्यावर सतरंजीवर बसलेल्या. रडल्या नाहीत की चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "लई हाका मारल्या. वरनं कुणी ओ दिली न्हाई."

सरांनी पुढच्याच आठवड्यात स्वयंपाकघरात बटण आणि वर घंटी बसवून घेतली. घंटी वाजली की वरून "ओ" आलीच पाहिजे, मग कोणी परीक्षेला बसलेलं असो की कोणी कलेक्टर आलेला असो.

अभ्यासिका झाली आणि त्या घंटीवर गदा आली. मेडिकलला जाणाऱ्या पोरांची समाधी भंगते अशी पालकांची तक्रार. तेव्हा लतानं मार्ग काढला. ती आता नांदेडला एका कॉलेजात संगणक शिकवते. तिनं खालचा जुना संगणक आणि वरचा सरांचा संगणक एका वायरीनं जोडून दिले. सिद्धम्मांनी खाली टाइप करायचं, की वर सरांच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटीशी चिठ्ठी उगवायची. "चहा झाला." "पोस्टमन आलाय." "तुमचे ते फिजिक्सवाले येऊन बसलेत, माझं डोकं खाऊन राहिलेत." सरांनी "ओ" टाइप केलं की ती ओ खाली उमटायची. चिठ्ठी बघायची राहिली तर कोपऱ्यातलं चिन्ह लुकलुकत राहायचं. सरांची ओ कधी पान संपल्यावर जायची, पण जायची.

असं सुखात चाललेलं असताना गेल्या उन्हाळ्यात सरांचा संगणक म्हाताऱ्या बैलासारखा बसायला लागला. लता सुट्टीला आली होती. म्हणाली, "अप्पा, आतलं लिनक्स चांगलंच आहे, वरचा डेस्कटॉपचा साज जड झालाय. तो काढते, एक हलका विंडो मॅनेजर टाकून देते. खिडक्या मांडण्यापुरता. पण माउस चालवायची सोय त्यात फार नाही, सगळं कीबोर्डवरनंच."

"परत म्हण," सर म्हणाले.

"कीबोर्डवरनंच."

सरांना इतकं आनंदलेलं लतानं तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. नव्या मांडणीत उघडलेली प्रत्येक खिडकी शहाबादी फरशीसारखी आपसूक शेजारीशेजारी बसायची, एकीवर एक चढायची नाही. या फरशीवरून त्या फरशीवर जायचं तर दोन बोटं दाबली की झालं. सरांनी त्याच दिवशी माउसची वायर उपटून तो माळ्यावर टाकला. "हा खरा टायपिस्टाचा संगणक," ते येईल जाईल त्याला सांगू लागले. "लता, तुझ्या शिक्षणाचं आज चीज झालं बघ."

"अप्पा, पण ऐका. यात सगळं आयतं मिळत नाही. जे पाहिजे ते आपण वेगळं मांडून घ्यावं लागतं."

अप्पा ऐकत नव्हते. ते फरश्या बसवत होते.

लता परत गेली आणि दुसऱ्याच दिवशी चहावर साय आली. सिद्धम्मांनी चिठ्ठी टाकली, वाट बघितली, परत टाकली. शेवटी अभ्यासिकेतली रेणुका पाण्याची बाटली भरायला खाली आली होती तिला पकडलं. ती वर जाऊन सरांच्या कानाशी कुजबुजली, "सर, काकू विचारून राहिल्या, चहा तुम्ही पिताव का मांजराला घालू?"

सर खाली आले. "चिठ्ठी कुठं टाकली तू?"

"दोन टाकल्या."

"आली न्हाई."

"मग मी काय चुलीत टाकल्या?"

सरांनी जिन्यात उभं राहून लताला फोन लावला. ती वर्गातून बाहेर येऊन बोलत होती, मागं पोरांचा गलका.

"अप्पा, चिठ्ठी येतेय तुमच्याकडं. ती पडद्यावर दाखवणारा कोणी राहिला नाही. जुन्या डेस्कटॉपमध्ये तो दाखवणारा प्रोग्राम आयता होता, तो साजाबरोबर गेला. पाहुणा आलाय, पण कडी काढायला घरात माणूस नाही, असं झालंय ते."

"मग माणूस ठेव की."

"ठेवते, पण आता माझे परीक्षेचे दिवस आहेत. तोवर एक तात्पुरतं करू. चिठ्ठीऐवजी सरळ एक खिडकीच उघडायची, मधोमध. खाली 'ठीक' असं बटण. ते दाबलं की जाईल. मी सांगते तशी प्रोग्राममधली ओळ बदला."

सरांनी ओळ बदलली. मग चाचणी झाली. सर खुर्चीत ताठ, हात मांडीवर, नजर पडद्यावर, हरणाची वाट बघणाऱ्या शिकाऱ्यासारखे. खालून सिद्धम्मांनी टाइप केलं, "दिसून राहिलं का?" पडद्याच्या मध्यावर टप्पकन खिडकी उघडली. सरांनी ती दोनदा वाचली, बटण दाबलं, "ओ" पाठवली आणि प्रश्न मिटला असं जाहीर केलं.

मिटला कसला! दुपारी जेवणाची चिठ्ठी गेली, ओ आली नाही. सर भूक लागली तेव्हा उतरले. परत चाचणी घेतली, खिडकी आली. संध्याकाळी पाहुणे आले, चिठ्ठी गेली; ओ नाही. परत चाचणी, आली. सिद्धम्मा म्हणाल्या, "हे तुमच्या त्या फिजिक्सवाल्यासारखं हाय. तुम्ही बघायला बसलाव की हजर, काम असलं की गायब."

त्याच आठवड्यात आणखी एक नामुष्की झाली. क्लासवाले शेषेराव हे सरांचेच जुने विद्यार्थी. त्यांचा फोन आला. आवाजात आदर होता, पण आदराखाली गुदगुल्या होत्या.

"सर, बायोलॉजीचा पेपर तुम्हीच टाइप केला न?"

"मग आणखी कोण करणार?"

"सतरावा प्रश्न. 'खालीलपैकी कोणते विधान बरोबर नाही?' असा पाहिजे. तुमच्यात 'नाही' न्हाई. तीन विधानं बरोबर हायत सर, पोरं माझ्या अंगावर यायला लागलीत. चार ठिकाणी असा एकेक शब्द खाल्लाय."

सरांचे कान तापले. सरांच्या हातून वेलांटी इकडची तिकडं झालेली लातुरानं पाहिली नव्हती, आणि इथं अख्खा शब्द? त्यांनी कीबोर्ड उलटा करून आपटला, बटणं काढून टाइपरायटरच्या ब्रशनं घासली, फुंकर मारली. चण्याची साल निघाली, दोन मेलेल्या मुंग्या निघाल्या. शब्द खाणारं काही निघालं नाही.

इथपर्यंत हसण्यावारी चाललं होतं. मग शेजारच्या प्लॉटवर मुलींच्या नव्या होस्टेलसाठी बोअर घ्यायला मशीन आलं.

ते सुरू झालं तेव्हा सिद्धम्मा भाकरी थापत होत्या. आधी मांडणीवरचे पेले किणकिणले. मग परातीतलं पीठ हललं. मग पायाखालून ती घरघर वर आली, आणि सिद्धम्मांना वीस वर्षांपूर्वीची पहाट आठवली नाही, सरळ अंगावरच आली. पिठाच्या हातानं त्यांनी चिठ्ठी टाइप केली. एकच शब्द, "या". मग परत "या". मग त्या जिन्याच्या तोंडाशी गेल्या आणि त्यांच्या तोंडून आवाजच फुटेना.

वर सरांनाही हादरा कळला होता. पण त्यांच्या खिडकीतून मशीन दिसत होतं. 'बोअर दिसतोय,' असं म्हणून ते केमिस्ट्रीच्या पेपरात परत शिरले. पान संपवून, कागद सरळ करून ते खाली उतरले तर तव्यावर भाकरीचा कोळसा, दार सताड उघडं. सिद्धम्मा समोरच्यांच्या ओट्यावर बसलेल्या, हाताला पीठ वाळलेलं.

"अगं, बोअरचं मशीन हाय ते," सर म्हणाले.

"कळलं मला. बाहेर आल्यावर कळलं."

"मग?"

"मग काही न्हाई. चला, हात धुवायचेत."

घरी येऊन त्यांनी पानं घेतली. येसर मसाल्याची आमटी वाढली, शेंगाची चटणी वाढली, ताटं उचलली आणि मग म्हणाल्या, "लता मला किती दिवसांचं बोलावून राहिली. नवा फ्लॅट हाय, एक खोली रिकामीच हाय. रविवारी येतीय ती. मी जाते तिच्याकडं."

"किती दिवस?"

"तिथं हाक मारली की पलीकडच्या खोलीतनं ओ येती. इथं एकटं राहून काय करायचं?"

"एकटं कसं? मी वर असतो न."

"वर असताव," सिद्धम्मा म्हणाल्या. "नांदेडलाबी होतावच की तेव्हा."

सर दुपारभर नुसतेच संगणकापुढं बसले. त्यांना वाईट नुसतं वाटत नव्हतं, रागही येत होता. खिडकी येते, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. मग कामाच्या वेळी ती जाते कुठं? जुना जड डेस्कटॉप परत घालून घ्यायचा आणि माउस माळ्यावरून उतरवायचा, इथवर त्यांची तयारी झाली. शेवटचा उपाय म्हणून ते खाली गेले.

"एकदा वर ये," ते म्हणाले. "तुझ्यासमोर काम करतो. तूच बघ काय होतंय ते."

"मला काय कळतं त्यातलं?"

"टायपिंग कळतं न?"

सिद्धम्मा कित्येक वर्षांनी तो जिना चढल्या. चप्पल बाहेर काढली, पोरांच्या कप्प्यांवरून एक नजर फिरवली आणि सरांच्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या. रेणुकाला खाली पाठवलं. तिनं थोड्याथोड्या वेळानं काहीबाही चिठ्ठी टाकायची.

सर कामाला लागले. डाव्या हाताला लाकडी स्टँड, स्टँडवर प्राध्यापकांचा कागद. मान डावीकडं, नजर कागदावर, पाठ सरळ आणि बोटं धो धो चाललेली. पडद्याकडं त्यांचं लक्षही नाही. असायचं कारणच नाही. जो टायपिस्ट स्वतःचं टायपिंग बघतो तो टायपिस्टच नव्हे, हे वाक्य त्यांनी हजारो पोरांच्या डोक्यात बसवलेलं.

सिद्धम्मा मात्र पडद्याकडं बघत होत्या. खिडकी उघडली. आणि मिटली.

त्यांनी डोळे चोळले. परत थोड्या वेळानं खिडकी उघडली, त्यातलं 'काकू' एवढं वाचेपर्यंत मिटली.

"थांबा," त्या कुजबुजल्या. "आली होती की."

"कुठं?"

"ह्या इथं. तुम्हीच घालवली."

"मी? मी हात तरी लावला का?"

"हातच तर लावून राहिलाव. परत करा. हळू न्हाई, तुमच्या नेहमीच्या स्पीडनं."

तिसऱ्या वेळी सिद्धम्मांनी सगळं धरलं. खिडकी उघडली की कीबोर्ड तिच्या ताब्यात जात होता. सरांची बोटं धावतच होती. पण आता तो शब्द पेपरात न पडता खिडकीच्या पोटात जात होता. शब्द संपला की सर स्पेस मारणार, ओळ संपली की एंटर मारणार. आणि खिडकीतलं ते 'ठीक' बटण स्पेसनंही दाबलं जातं, एंटरनंही. बटण दाबलं की खिडकी बंद, पुढचा शब्द परत पेपरात. एवढ्या वेगात सरांना नुसता वाराही लागत नव्हता. चाचणीच्या वेळी मात्र सर हात मांडीवर ठेवून पडद्याकडं बघत बसायचे, म्हणून खिडकी जिवंत राहायची.

पेपरात त्या जागी बघितलं, तर तीन ठिकाणी तीन शब्द गायब.

"म्हणजे 'नाही' मी खाल्ला," सर म्हणाले.

"आणि 'या' बी."

कप्प्यांतल्या पोरांनी माना वर केल्या होत्या. दोघं कुजबुजत होते तरी त्या शांततेत ते भाषणासारखं ऐकू जात होतं. सिद्धम्मा उठताना म्हणाल्या, "मी तुमच्या क्लासात दोनदा नापास का झाले, म्हाइत हाय न?"

"वर बघायचीस म्हणून. किती पट्ट्या खाल्ल्या, तरी मान वर."

"वर पडदा न्हवता तेव्हा, सर. समोर तुम्ही बसायचाव."

आणि त्या जिना उतरून गेल्या. सर बराच वेळ कागद सरळ करत बसले. रेणुकानं नंतर मैत्रिणींना खात्रीनं सांगितलं की सर लाजले होते, पण कोणी विश्वास ठेवला नाही.

रविवारी लता गाडी घेऊन आली. सिद्धम्मांची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. लतानं आधी वर जाऊन राहिलेलं काम पुरं केलं. चिठ्ठ्या दाखवणारा एक छोटासा प्रोग्राम घातला, संगणक सुरू झाला की तोही आपोआप सुरू होईल अशी व्यवस्था केली. "आता चिठ्ठी कोपऱ्यात येईल, अप्पा. ती कीबोर्डला हात लावणार नाही, आणि तुम्ही ही दोन बटणं दाबेपर्यंत हलणारही नाही. शब्द खाणं बंद."

सर खूश झाले. टाइप करून पाहिलं, खालून चिठ्ठी आली, कोपऱ्यात निमूट बसून राहिली. पान संपल्यावर सरांनी मान वळवली, चिठ्ठी वाचली, दोन बटणं दाबली.

"झालं," लता खाली येऊन म्हणाली. "अव्वा, आता एकही चिठ्ठी हरवणार नाही."

"चांगलं झालं," सिद्धम्मा म्हणाल्या. "कधी बघितली त्यांनी?"

"म्हणजे?"

"मी टाकली अन् त्यांनी बघितली, मधी किती वेळ गेला? मी इकडं आमटीला फोडणी देऊन मोकळी झाले. पान संपल्यावर बघितली असंल."

लतानं अप्पांकडं पाहिलं. अप्पांनी भिंतीकडं.

"अव्वा, त्याला मी काय करू? पडद्यावर मोठी दाखवू? लाल करू?"

"तू काही करू नको, बाई. तुझं काम झालं. खिडकी पार अंगणाएवढी केली तरी ते कागदाकडंच बघणार."

बाहेर बोअरवाले पाइप उतरवत होते त्याचा आवाज येत होता. लतानं पिशवी उचलायची की नाही या विचारात तिचे बंद नुसतेच हातात धरले.

"ओळ संपली की बघत जाईन," सर म्हणाले.

लताला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "अप्पा?"

"दर ओळीला. एंटर मारला की मान वर."

"अप्पा, तुमचा स्पीड..."

"जाईल थोडा."

सिद्धम्मांनी लताच्या हातातून पिशवी घेतली, आत नेली आणि तिच्यातली चटणीची बरणी, धपाट्यांचा डबा आणि लताच्या घरी द्यायचा येसर बाहेर काढून दुसऱ्या पिशवीत भरला. लता त्या संध्याकाळी एकटीच निघाली. "दिवाळीला येते की," सिद्धम्मा गाडीच्या काचेत वाकून म्हणाल्या. "यांना घेऊन."

पुढच्या आठवड्यात अभ्यासिकेतल्या पोरांना एक नवीनच दृश्य बघायला मिळालं. सर टाइप करत, ओळ संपे, सर मान वर करत, पडद्याचा कोपरा बघत आणि परत कागदाकडं वळत. पहिले काही दिवस कागदावरची जागाच सापडायची नाही. मग त्यांनी ओळीखाली पट्टी ठेवायला सुरुवात केली, शिकाऊ पोरांसारखी. मान दुखायला लागली तेव्हा सिद्धम्मांनी तेल चोळून दिलं.

शेषेरावांचा मॅथ्सचा पेपर शनिवारी सकाळी मिळायचा, तो संध्याकाळवर गेला. पोरं गेल्यावर सरांनी खणातला मोबाईल सुरू केला, तर त्यांचा फोन आलाच.

"सर, तब्येत बरी हाय न? तुमच्याकडनं उशीर म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवला."

"तब्येतीला काय झालंय? एक तरी शब्द खाल्लाय का बघ."

"न्हाई सर, पेपर एकदम चोख हाय. पण पुढच्या आठवड्यात तीन बॅचचे तीन पेपर हायत. जमंल का? की मिहिरच्या सेंटरला देऊ? तो नवीन पोरगा, लई फास्ट हाय म्हणतात."

तेवढ्यात कोपऱ्यात चिठ्ठी उगवली. सरांनी वाचली, "ओ" टाइप केलं, दोन बटणं दाबली आणि उठता उठता फोनमध्ये म्हणाले, "दोन मला दे, एक त्याला दे. आता माझा एवढाच स्पीड हाय, शेषेराव. ठेवतो, खाली बोलावून राहिलेत."